परिस्थिती समाधानकारक

१२ मे

घोक्या,

सुरुवातीलाच सांगते, कोणी गेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर पाहून छातीत धस्स झालं असेल, तर ती छाती आता पुन्हा नेहमीइतकी फुगव. आशीर्वाद आहेतच. तू मागितले नाहीस तरी वयानं मोठ्या माणसाला ते द्यावेच लागतात, रेशनवर साखरेबरोबर साबण घ्यावा लागे तसे. कुठेतरी ठेवून दे आणि पुढचं वाच.

आपण बोलत नाही त्याचं कारण तुला ठाऊक आहे, पण तुझं पाठांतर जेवढं पक्कं तेवढी स्मरणशक्ती कच्ची, म्हणून एकदा लिहिते. तू तुझ्या संस्थेच्या वार्षिक सभेत सांगितलंस की तू रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलास आणि तुझे वडील निरक्षर हमाल होते. आपल्या घरात वीज होती, घोक्या. दिवा तुझ्या डोक्यावर होता आणि मीही तुझ्या डोक्यावर होते, हातात पट्टी घेऊन. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं ते आपल्या सुलट्या अक्षरांपेक्षा भरभर वाचायचे. त्यांना तू निरक्षर केलंस आणि ते पेपरात छापून आणलंस. बाबांच्या धंद्याचा तेवढा तरी उपयोग केलास म्हणायचं.

ते असो. हे पत्र तुझ्याबद्दल नाही. ही विनंतीही नाही, विनंती करायला मी तुझ्या देणगीदारांपैकी नाही. ही नुसती माहिती आहे.

तुझी संस्था वस्तीतल्या हुशार मुलांना कॉलेजचं दार उघडून देते असं तुमच्या फलकावर लिहिलंय. दार उघडण्याआधी मूल पुरेसं गरीब आहे ना, हे तुम्ही घरी येऊन तपासता. तुमची ही घरभेट गेल्या आठवड्यात आमच्या मजल्यावर झाली.

आमच्या गॅलरीच्या टोकाला एक रंगारी राहतो. धाग्याच्या लडी रंगवण्याच्या कारखान्यात आहे. हात मनगटापर्यंत निळे, सगळे साबण हरले. बायको तयार कपड्यांची काजं करते. त्यांची एकुलती एक मुलगी माझी विद्यार्थिनी. सारखे प्रश्न विचारते म्हणून मजल्यानं तिचं नाव 'चौकशी' ठेवलंय. बापाच्या कातडीचा रंग जात नाही आणि कारखान्याच्या सुताचा पहिल्याच धुण्यात जातो, हे असं का, हे तिला शोधायचंय. त्यासाठी तिला रसायनशास्त्र शिकायचंय, आणि ते चांगलं शिकवणारं कॉलेज एकच. तिथे तुझ्या संस्थेच्या शिफारशीच्या जागा असतात. शिफारस मिळाली तर ती कॉलेजात. नाही मिळाली तर आईशेजारी बसून काजं. मधलं काही नाही.

आता आमच्याकडची रीत. तीही तू विसरला असशील. कुणाकडे बाहेरचं माणूस येणार असलं की तो अख्ख्या मजल्याचा पाहुणा. मोठ्या गावाहून मोठी माणसं येणार, तीही शिक्षणासाठी, हे कळल्यावर मग काय विचारता! शेजारच्या नर्सबाईंनी सोफा दिला. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं दुकानातली फिरती खुर्ची वर पाठवली. शिंप्यानं नवा पडदा स्वतः येऊन लावला. माझा फ्रिज चार जणांनी गॅलरीतून नेला आणि रंगारी मागून ओरडत होता, "सांभाळून रे, बाईंचा आहे!" वायर बोर्डापर्यंत पोचेना. मग तो फ्रिज नुसताच उभा राहिला, तुझ्या सल्लागार मंडळासारखा.

तुझे तिघे आले. एक निवृत्त अधिकारी, एक केसांत गॉगल अडकवलेल्या बाई, आणि हातातल्या पाटीवर बोटं फिरवणारा एक तरुण. अधिकारी फिरत्या खुर्चीत बसले. प्रश्न विचारताना मुलीकडे तोंड असायचं, उत्तर येईपर्यंत भिंतीकडे झालेलं असायचं. बाईंनी न विचारता फ्रिज उघडला. आत काहीच नव्हतं. मला वाटलं, चला, आता तरी यांना संशय येईल. तरुण पाटीवर टिपताना मोठ्यानं बोलला, "बहुधा बाहेर जेवतात."

शितावरून भाताची परीक्षा करतात हे मी जन्मभर शिकवत आले. तुम्ही शेजाऱ्यांचं शीत पाहून यांचा भात नापास केलात.

मुलीला रसायनशास्त्रातलं अवाक्षर कोणी विचारलं नाही.

काल तुमचं पत्र आलं. रंगाऱ्यानं ते गॅलरीत उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. शाळा शेवटपर्यंत शिकलेला माणूस, वाचतो छान, विरामचिन्हांशी थांबतो. "कुटुंबाची आर्थिक परिस्थिती समाधानकारक आढळून आली." इथे तो थांबला आणि माझ्याकडे पाहून हसला. "बाई, आजवर कुणी असं लेखी दिलं नव्हतं." नर्सबाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, नाही म्हणालेत ते."

कॉलेजची यादी पुढच्या महिन्याच्या मध्यावर बंद होते. ही शेवटची माहिती.

ताई


२३ मे

चिरंजीव अध्यक्ष,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तुझ्या सहायकाचं. 'आपल्या मौलिक अभिप्रायानं आमचा उत्साह द्विगुणित झाला' असं त्यात आहे. शून्याची दुप्पट किती होते, हे त्याला कुणीतरी शिकवायला हवं. पण त्यानंतर सुट्टीतल्या जादा वर्गात चौथीची तोंडी चालू असताना तू शाळेत फोन केलास, हेही खरं. कारकून शेजारीच उभा होता आणि पुढचे दोन दिवस त्यानं आपला संवाद शिक्षकखोलीत करून दाखवला. फार हुबेहूब करतो. तुझा आवाज तर तुझ्यापेक्षा चांगला काढतो.

"ताई, मी बोलतोय."

"मी कोण?"

"ताई, प्लीज."

"प्लीज नावाचा भाऊ मला नाही."

मग तू दुसरी भेट लावतो म्हणालास, ते ऐकून मला बरं वाटलं. कारकुनाच्या नकलेत हे येत नाही, कारण मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"पण ते सगळं सामान काढायला सांग, ताई."

"काढतील."

"पंखासुद्धा."

"पंखा त्यांचा स्वतःचा आहे."

"असू दे. कमिटीसमोर चित्र स्पष्ट हवं."

"घाम दिसला की स्पष्ट दिसतं का?"

"हे नियम मी केलेले नाहीत. देणगीदारांना—"

"अध्यक्ष तूच आहेस ना?"

"म्हणून तर नियम मी करत नाही!"

हे वाक्य मी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिणार होते, नागरिकशास्त्राच्या तासाला. मग म्हटलं, मुलं लहान आहेत, त्यांना थोडे दिवस सुखानं राहू द्यावं.

सामान ज्याचं त्याच्याकडे गेलं. पंखा मात्र काढणार नाही असं मुलीच्या आईनं सांगितलं. "त्या बाईंना गरम होईल," म्हणाली. तिच्या मुलीला नाही म्हणून गेलेल्या बाईंना!

मग तू पाठवलेला तो कथा-मार्गदर्शक आला. पोरसवदा, गोड बोलणारा. कुणीतरी आपल्याला पदवी दिली याचं नवल अजून तोंडावरून गेलेलं नाही. प्रत्येक मुलानं कमिटीपुढे आपली संघर्षकथा सांगायची असते, असं त्यानं सांगितलं. रंगारी कामावर, आई काजं करत बसलेली, मी खिडकीपाशी. त्यानं वही उघडली.

"वडील पितात का?"

"हो. चहा," चौकशी म्हणाली.

"नाही, म्हणजे... मारतात का?"

"डास."

"आईला?"

"आईला डास चावत नाहीत." आईनं सुईवरून नजर न काढता सांगितलं, "तिखट रक्त आहे माझं."

तो घामाघूम. पंखा होता, तरी. "घरात कुणी आजारी? कर्ज? शिक्षणाला विरोध?"

"विरोध कशाला करतील? बाबाच मला पाढे शिकवायचे."

"हे नको सांगूस," तो चटकन म्हणाला. "मग तुझा संघर्ष काय, ते सांग ना!"

तिनं खरोखर विचार केला. प्रश्न विचारला की ती विचार करते, एवढा एकच दोष आहे तिच्यात. "अकरावीच्या पुढचं रसायनशास्त्राचं पुस्तक मिळत नाही. वाचनालयातल्या प्रतीतली मधली पानं कुणीतरी फाडलीत. तेवढाच भाग मला येत नाही."

"हे फार छोटं आहे," तो म्हणाला.

छोटं आहे! मोठं काय आहे ते दाखवायला त्यानं तुझी पुस्तिका तिच्या हातात ठेवली. नमुना म्हणून. मुखपृष्ठावर तू आहेस, हनुवटीखाली मूठ, नजर क्षितिजावर, म्हणजे फोटोवाल्याच्या डोक्यावरून. आत तो दिवा, तो हमाल, सगळं. वार्षिक सभेत वाचलंस त्यापेक्षा थोडं वाढवलंयस. सभेत पाऊस नव्हता. (मागच्या रांगेत पंखाही नव्हता. पण ते सोड.)

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. पुस्तिकेत बोट घालून.

"बाई, हे तुमचे भाऊ ना?"

"असं म्हणतात."

"मग त्यांचे वडील म्हणजे तुमचेच ना?"

"हो."

"तुमचे वडील निरक्षर होते?"

"नव्हते."

"मग हे कोण?"

"हे संस्थेचे वडील," मी म्हटलं.

ती हसली नाही. पुस्तिका घेऊन गेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण आपल्या विनोदावर कुणी हसलं नाही की मला दुसरं काही सुचत नाही, हे तुला माहीतच आहे.

ताई


६ जून

घोक्या,

तू स्वतः येशील असं वाटलं नव्हतं. आपल्या जुन्या जिन्याच्या वळणावर तू सवयीनं डोकं खाली घातलंस, ते मी वरून पाहिलं. तिथली तुळई कधीच काढून टाकली आहे. तरी घातलंस. म्हटलं, सगळाच गेलेला नाही.

मग त्या निवृत्त साहेबांनी तुला माझी ओळख करून दिली, "या इथल्या शिक्षिका." आणि तू म्हणालास, "भेटून आनंद झाला."

मलाही झाला.

जे घडलं ते तुझ्यासमोर घडलं. पण तू बहुतेक वेळ स्वतःच्या बुटांकडे पाहत होतास, म्हणून तुझ्या नजरेतून निसटलेलं लिहिते. त्याआधीचंही लिहिते.

तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मजल्याची बैठक बसली. मुलीचं नशीब फळफळायचं तर खोली दरिद्री दिसायला हवी, एवढं सगळ्यांना पटलं होतं. मागच्या वेळी चांगलं सामान दिलं, तर आता मोडकं देऊ. मजल्याला मदतीची हौस दांडगी. पण मोडकं आणायचं कुठून?

"तुमची ती गळकी बादली द्या की," शिंपी नर्सबाईंना म्हणाला.

"माझी बादली गळत नाही! तुमचीच फाटकी सतरंजी द्या."

"फाटकी? तिला मी स्वतः रफू केलंय. दाखवा कुठे आहे ते."

मोबाइलवाला म्हणाला, त्याच्याकडे मोडकं काही राहूच शकत नाही, धंदाच तो आहे. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. मी ताठ बसून सांगितलं की माझ्याकडे सर्व वस्तू सुस्थितीत आहेत. अख्ख्या इमारतीत मोडकी चीज एक नाही, घोक्या! निदान कबूल होणारी नाही. शेवटी तुम्ही पाहिलीत ती त्यांची खोली, जशी आहे तशी. पुसलेली फरशी, दोन लोखंडी पेट्या, काजांचा ढीग, पंखा. तुझ्या बाई दारातच म्हणाल्या, "किती नीटनेटकं!" असं म्हणाल्या, जणू काही पकडलंच.

मग मुलीला कथा सांगायला सांगितलं.

मला वाटलं, ती फाटलेल्या पानांचं सांगेल. आईलाही तसंच वाटलं असणार, कारण ती मान डोलवायच्या तयारीत होती. मुलगी उभी राहिली, हात मागे बांधले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "माझे वडील निरक्षर आहेत."

घोक्या, वडील चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते.

पुढे तिनं तुझी पुस्तिका जशीच्या तशी म्हटली. तुझी बहीण म्हणून सांगते, तुझ्यापेक्षा चांगली म्हटली. रस्त्यावरचा दिवा, बापाच्या पाठीवरची पोती, 'मला अक्षर म्हणजे काय हे कळण्याआधी भूक म्हणजे काय हे कळलं', सगळं. काजांच्या ढिगापाशी तिची आई दगड होऊन बसली होती. तू बूट पाहत होतास. तुझंच भाषण तुला ऐकवलं जात होतं, पण या वेळी बाप खोलीत होता. मागे जेव्हा तू ते म्हटलंस तेव्हा आपला हयात नव्हता. नसण्याची सोय झाली होती तुला.

रंगाऱ्यानं सगळ्यांना कप दिले, तुलाही दिला. मग त्या गॉगलवाल्या बाईंची नजर फडताळाकडे जायला लागली. तिथे त्याचा रोजचा पेपर होता, शब्दकोडं अर्धं भरलेलं. तो दोन पावलं सरकला आणि फडताळाला पाठ लावून उभा राहिला. निळा हात मागे नेऊन त्यानं तो पेपर पेटीमागे सोडला. मी खिडकीत होते म्हणून मला दिसलं. त्याच्याइतक्या चटकन मला काही समजलं नव्हतं.

बाईंनी डोळे पुसले. मग त्याच्याकडे वळून, बहिऱ्याशी बोलावं तसं, एकेक शब्द सोडवून विचारलं, "तुम्हाला — मुलीचा — अभिमान — वाटतो?"

"हो," तो म्हणाला.

साहेबांनी मान हलवली, तरुणानं पाटीवर टिपलं, तू 'पात्र' असं लिहिलंस. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पडणारं. चहा तू तसाच ठेवलास.

ताई


१४ जून

अध्यक्ष,

यादीत तिचं नाव आलं. मजल्यावर पेढे नाहीत की काही नाही. नर्सबाई दार अर्धवट उघडून 'छान झालं' म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. भिंती पातळ आहेत. तिनं काय सांगितलं ते त्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं. 'पाठीवरची पोती' म्हटल्यापासून शिंप्याची शिवणयंत्रावर पाय मारण्याची लयसुद्धा बदललीय.

बापलेकीत बोलणं चालू आहे. "मीठ दे", "दार लाव", "उशीर होईल". भांडण असतं तर मी सोडवलं असतं, त्यात मला सराव आहे. हे भांडण नाही.

ती माझ्याकडे आली होती. बराच वेळ पुस्तकं खालीवर करत बसली. मग म्हणाली, "बाई, मी काही चूक केली का?"

"व्याकरणाची एकही नाही," मी म्हटलं.

"ते म्हणाले होते ना, मोठं काहीतरी पाहिजे. माझ्याकडे मोठं नव्हतं."

"दुसऱ्याचं घेतलंस."

"सोफासुद्धा दुसऱ्याचाच होता," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही फ्रिज दिला होता."

हिला उत्तर काय द्यायचं? तूच सांग, तुला पारितोषिकं मिळालीयत वक्तृत्वाची.

आता ऐक. पहिल्या पत्रात मी विनंती करत नाही म्हटलं होतं. ही करते, एकच. तुमच्या फायलीत वडिलांचं शिक्षण या जागी 'निरक्षर' लिहिलंय. ते खोडून खरं लिही. त्यामुळे तिची गरिबी तसूभरही कमी होत नाही, मी हिशेब करून पाहिलाय. एक शब्द बदलायचा आहे. जगाला काही सांगू नकोस, सभेत उभा राहू नकोस, बाबांचं नाव घेऊ नकोस. तेवढं धैर्य मी तुझ्याकडे मागत नाही. दुकानात नसलेली वस्तू मी मागत नाही. एका शब्दावर रेघ मार, त्याच्यावर दुसरा लिही, आणि शेजारी तुझी ती पडकी सही कर.

हे सहायकाच्या हातून करू नकोस.

ताई


२१ जून

घोक्या,

सहायकाचं पत्र मिळालं. 'निवड जाहीर झाल्यानंतर मूळ माहितीत बदल केल्यास निवड रद्द होण्याचा संभव आहे, तरी आपण सहकार्य करावे.'

मी ते रंगाऱ्याला दाखवणार नव्हते. पण आमच्या इमारतीत पोस्टमन सगळं तळमजल्यावरच्या पेटीत टाकतो आणि रंगारी कामावरून येताना माझी पत्रंही वर आणून देतो. पाकीट उघडलेलं नव्हतं. तरी संस्थेचा शिक्का पाहून तो दारात थांबला.

"चौकशीचं आहे का काही?"

मी उघडून पाहिलं आणि पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं. विरामचिन्हाशी थांबला.

"तुम्ही कशाला विचारलंत, बाई?" म्हणाला. रागानं नाही. "आता त्यांना शंका आली म्हणजे?"

घाबरला होता तो. कुणीतरी आपलं खरं लिहील, याला घाबरला होता.

तुला शिव्या द्यायला बसले होते. पण मला येतात त्या सगळ्या जुन्या आहेत, आणि तुला समजणार नाहीत.

ताई


२ जुलै

घोक्या,

अभिनंदन. शिक्षणप्रसाराच्या कार्यात तुझ्या संस्थेनं काल नवी मजल मारली. एक साक्षर माणूस निरक्षर करून दाखवला. अहवालात घालायचं असेल तर तपशील देते.

प्रवेश घ्यायला आम्ही तिघं गेलो. मी का गेले? रंगाऱ्याच्या बायकोला काजांचा माल त्याच दिवशी पोचवायचा होता आणि तो म्हणाला, "बाई, तुम्ही असलात की बरं." इमारत मोठी, पायऱ्या रुंद. खिडक्यांपुढे रांगा, सगळीकडे आईबापांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि त्यांत कागद. रंगाऱ्यानं पांढरा सदरा घातला होता. हात खिशात. बाहेर काढावे लागू नयेत म्हणून पिशवी मुलीकडे. वर खिशाला पेन लावलेलं, नवं.

रांगेत त्यानं आपणहून तिच्याशी बोलायला सुरुवात केली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. प्रयोगशाळा कुठल्या मजल्यावर असेल, पाट्या वाचत वाचत शोधायला लागला. "ती बघ, तिकडे बाण आहे. 'रसायनशास्त्र विभाग, पहिला मजला.'" ती दचकली आणि तिनं इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. त्यालाही ते कळलं. पुढे त्यानं पाटी वाचली नाही.

खिडकीत एक कारकून होता. वाईट माणूस नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण तुला सुटका हवी असेल आणि ती इथे नाही. त्यानं कागद तपासले, संस्थेचं शिफारसपत्र वर लावलं, फॉर्म पालकाच्या सहीच्या रकान्यावर दुमडला. मग त्याची नजर शिफारसपत्रातल्या तुमच्या त्या एका शब्दावर गेली. तो काही बोलला नाही. समोरच्या माणसाला चारचौघांत 'सही येते का' विचारून लाजवू नये, एवढी समज त्याला होती. त्यानं पेन मागे घेतलं आणि शाईचा पॅड हळूच पुढे सरकवला.

रंगाऱ्याचा हात तोवर स्वतःच्या खिशाच्या पेनाकडे गेला होता.

तो हात तिथेच राहिला. त्यानं पॅडकडे पाहिलं, मग त्या शिफारसपत्राकडे. पूर्ण वाचलं त्यानं, मला दिसत होतं, डोळे ओळीवरून ओळीवर जात होते. मग कारकुनाला कळेल अशी भीती वाटून त्यानं डोळे उचलले.

"बाबा, सही करा," मुलगी म्हणाली.

त्यानं पेनाचं टोपण चाचपलं.

"बाबा, करा ना सही. जाऊ दे ती जागा. सही करा तुम्ही."

हे ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, पण खरंच म्हणाली, घोक्या. त्या क्षणी तिनं जागा सोडली असती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो खांदा वळायला लागला होता.

त्यानं खिशातलं पेन काढलं आणि तिच्या पिशवीत टाकलं. मग अंगठा पॅडवर टेकवला. कारकून त्या निळ्या हाताकडे पाहून म्हणाला, "आधीच कुठे लावून आलात का?"

"कामावर," रंगारी म्हणाला.

अंगठा त्यानं फार नीट लावला. चौकटीच्या बरोबर मधे, जरासुद्धा न फिसकटता. कारकुनानं 'छान' म्हटलं आणि पावतीवर शिक्का मारून ती मुलीपुढे केली. ती घेईना. तिला रडू फुटलं होतं आणि खिडकीचा कठडा तिनं दोन्ही हातांनी धरला होता. मागचे लोक वाकून पाहायला लागले.

रंगाऱ्यानं पावती स्वतः उचलली, घडी घातली आणि तिच्या मुठीत दिली.

"चल, पुढे हो," तो तिला म्हणाला. "मागे रांग आहे."